इंजिन ऑइल, फिल्टर आणि ‘आपल्याकडचे ऊन’

मे महिन्यात अकोला-नागपूरकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की गॅरेजात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘आपल्याकडे ऊन फार, पातळ ऑइल टिकणार नाही, थोडे जाड टाकू.’ असे सांगणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाला फसवत असतो असे मुळीच नाही. पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरच्या पिढीतल्या इंजिनांत २०डब्ल्यू-४० ऑइल सर्रास घातले जाई आणि त्या गाड्या त्यावर वर्षानुवर्षे चालल्या. हा सल्ला त्याच अनुभवातून आलेला आहे. मात्र हल्लीच्या अनेक लहान पेट्रोल मोटारींच्या माहितीपुस्तिकेत ०डब्ल्यू-२०, काहींत तर ०डब्ल्यू-१६ असे आकडे छापलेले असतात. इतके पातळ ऑइल सांगताना कंपनी विदर्भातला उन्हाळा विसरली, की आपणच त्या आकड्यांचा अर्थ चुकीचा लावतो आहोत, हे पाहिले पाहिजे.

हे आकडे एसएई या अमेरिकी अभियंता-संघटनेच्या वर्गीकरणातले आहेत. त्यातला ‘डब्ल्यू’ हे ‘विंटर’ म्हणजे हिवाळा या शब्दाचे आद्याक्षर आहे. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंश तापमानाला ऑइलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध, किती असावी हे सांगतो. ‘३०’ म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे श्यानता मोजण्याचे एकक) आणि ‘२०’ म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक. डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतल्या वर्तनाचा आहे : ५डब्ल्यू ऑइलची उणे ३० अंशांना, ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांनाच परीक्षा घेतली जाते, आणि त्या तापमानाला स्टार्टर मोटरने इंजिन फिरवता येईल इतके ते वाहते असावे लागते.

उणे ३० अंश महाराष्ट्रात कुठे असतात, हा प्रश्न रास्त आहे, पण पहिल्या आकड्याचा उपयोग बर्फापुरता नाही. तापमान उतरताना ऑइल किती झपाट्याने दाट होत जाते, याचा तो निदर्शक आहे. सर्वसाधारण ५डब्ल्यू-३० ऑइल १०० अंशांना दहा-अकरा सेंटिस्टोक असते. ४० अंशांना ते साठीच्या घरात, २५ अंशांना सव्वाशेच्या आसपास आणि नाशिक-पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे, १० अंशांना, पावणेतीनशेच्या पुढे जाते. म्हणजे आपल्या माफक थंडीतसुद्धा गाडी सुरू करताना ते कामाच्या वेळेपेक्षा सुमारे पंचवीस पट दाट असते. त्याच पहाटे २०डब्ल्यू-५० ऑइल हजार सेंटिस्टोकच्या आसपास पोहोचलेले असते. रात्रभर ऑइल चेंबरमध्ये ओघळून बसलेले असताना ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, पुन्हा चढायला जितका वेळ लागेल, तितका वेळ धातूंमध्ये पूर्ण ऑइलचा थर नसतो. थंडीने आखडलेले ऑइल हे ‘सकाळी गाडी जड उठते’ या तक्रारीमागचे एक कारण असते.

आता उन्हाचे. बाहेर ४५ अंश असले तरी इंजिनाच्या आतल्या ऑइलला ते गारच वाटावेत, कारण चालत्या गाडीच्या चेंबरमधले ऑइल साधारण ९० ते ११० अंशांना असते आणि पिस्टनच्या कड्यांजवळ त्याला २०० अंशांच्या पुढची झळ लागते. इंजिनातल्या पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट राखतो, ऑइल बऱ्याच अंशी त्याच्या आगेमागे राहते, आणि म्हणून नागपूरचे ऑइल महाबळेश्वरच्या ऑइलपेक्षा फार निराळ्या तापमानाला काम करत नाही. याला अपवाद आहे : भरलेली गाडी, एसी चालू आणि समोर लांब चढाचा घाट असा योग आला तर ऑइल १२० अंशांच्या वर जाऊ शकते. त्याची तजवीज वर्गीकरणातच केलेली आहे. १५० अंश तापमान आणि वेगाने घासणारे पृष्ठभाग अशा स्थितीत ऑइलने किमान किती श्यानता टिकवली पाहिजे, याची मर्यादा प्रत्येक ग्रेडला ठरवून दिली आहे. ‘२०’ला ती २.६ आणि ‘३०’ला २.९ मिलिपास्कल-सेकंद (श्यानतेचेच दुसरे एकक) आहे. इंजिनाचे बेअरिंग, ऑइल पंप, टायमिंग चेनचा ताण राखणारी यंत्रणा आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारे बारीक मार्ग या सगळ्यांची मापे त्या आकड्याला धरूनच काढलेली असतात. तेव्हा पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० सोबत ५डब्ल्यू-३० चालेल असे लिहिले असेल आणि गाडी सतत घाटात चालत असेल, तर ५डब्ल्यू-३० खुशाल घ्यावे. पुस्तिकेत नसलेले २०डब्ल्यू-५० मात्र उन्हाच्या नावाखाली घालू नये.

मग सिंथेटिक ऑइलचा प्रश्न येतो, आणि खरे तर तो ग्रेड ठरली की बव्हंशी सुटलेला असतो. जमिनीतून आलेले कच्चे तेल ऊर्ध्वपातनाने वेगळे करून शुद्ध केले की खनिज बेस ऑइल, म्हणजे इंजिन ऑइलचा मूळ घटक, मिळते, पण त्यात लहान-मोठे, सरळ-वाकडे असे नाना आकारांचे रेणू एकत्र राहतात. हलके रेणू तापल्यावर उडून जातात, मेणासारखे रेणू थंडीत गोठतात. रासायनिक प्रक्रियेने बांधलेल्या किंवा घडण बदललेल्या रेणूंचे ऑइल, म्हणजेच सिंथेटिक, त्यामानाने एकसारखे असते : थंडीत कमी दाटते, उष्णतेत कमी उडते आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट गाळ व्हायला अधिक काळ घेते. ०डब्ल्यू ग्रेड साध्या खनिज ऑइलपासून बनवणे जवळजवळ अशक्य आहे. ज्याच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिले आहे, त्याने ‘सिंथेटिक घेऊ की साधे’ यावर डोके खाजवण्याचे कारणच उरत नाही.

डब्यावरचा ‘सिंथेटिक’ हा शब्द मात्र वाटतो तितका काटेकोर नाही. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) बेस ऑइलचे पाच गट मानते. चौथ्या गटात वायूंपासून रेणू जोडून बनवलेले पॉलिअल्फाओलेफिन येते आणि तिसऱ्या गटात कच्च्या तेलातल्याच अंशावर हायड्रोजनच्या दाबाखाली तीव्र प्रक्रिया करून रेणूंची घडण बदललेले ऑइल येते. तिसऱ्या गटाला सिंथेटिक म्हणावे का, यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात-तपासणी संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून बहुतेक देशांत तिसरा गटही सिंथेटिक म्हणून विकला जातो. जर्मनीत मात्र ‘पूर्ण सिंथेटिक’ या शब्दाला आजही कडक अर्थ आहे. कतारमधल्या रास लफान येथील पर्ल प्रकल्पात नैसर्गिक वायूपासून बनवलेले बेस ऑइलही याच तिसऱ्या गटात बसते, म्हणजे गटाच्या आकड्यावरून उगम कळेलच असे नाही. माझ्या मते रोजच्या गाडीसाठी या वादात पडू नये. ‘सेमी-सिंथेटिक’ या शब्दाबद्दल मात्र सावध असावे, कारण त्यात सिंथेटिकचा वाटा किती हे डब्यावर सहसा लिहिलेले नसते.

डब्याच्या मागच्या बाजूला जे बारीक अक्षरांत असते, ते जास्त मोलाचे आहे. तिथे एपीआयचा गोल शिक्का आणि एसएन, एसपी अशी अक्षरे दिसतात. एसपी २०२० मध्ये आली आणि २०२५ पासून एसक्यू ही त्यापुढची पायरी सुरू झाली. लहान टर्बो पेट्रोल इंजिनात वेग कमी आणि भार जास्त असताना ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा एक घातक प्रकार घडतो. पिस्टनच्या फटीत साचलेले ऑइलचे थेंब त्याला निमित्त होतात आणि ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त स्वच्छकाने तो बळावतो, असे आढळल्यावर एसपी ऑइलमध्ये कॅल्शियमचा काही भाग मॅग्नेशियमने बदलला गेला. टर्बो गाडीत जुन्या अक्षरांचे ऑइल स्वस्त मिळाले म्हणून घालणे त्यामुळे महागात पडू शकते. बीएस-६ डिझेल गाड्यांची गोष्ट आणखी निराळी आहे : त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, ऑइलमधल्या धातूंची राख त्यात अडकून बसते आणि काजळीसारखी जळून जात नाही, म्हणून त्यांना कमी राखेचे ऑइलच लागते.

ऑइलवर इतका खल करणारे लोक फिल्टर मात्र ‘दे कुठलाही’ म्हणून घेतात. एकदा मी सर्व्हिसिंगमध्ये काढलेला जुना फिल्टर घरी आणला आणि लोखंडी करवतीने त्याचा डबा कापून पाहिला. आतला घडीचा कागद उलगडल्यावर चार-पाच फूट लांबीची काळपट पट्टी हातात आली, आणि तिच्यावर लोहचुंबकाला चिकटणारी बारीक कीस होती. बेअरिंगमधली फट साधारण २५ ते ५० मायक्रॉन असते (माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन), आणि धावत्या इंजिनात त्या फटीतला ऑइलचा थर जिथे सर्वांत पातळ होतो तिथे तो काही मायक्रॉनच उरतो. म्हणून ५ ते २० मायक्रॉनचे कण सर्वाधिक झीज करतात. १९८८ मध्ये जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी डिझेल इंजिनावर केलेल्या चाचण्यांत ४० मायक्रॉनचा फिल्टर काढून १५ मायक्रॉनचा लावल्यावर झीज सुमारे ७० टक्क्यांनी घटली होती. ‘२० मायक्रॉनचा फिल्टर’ एवढ्याने मात्र काही कळत नाही. त्या आकाराचे किती टक्के कण तो अडवतो हे सांगितले तरच त्या आकड्याला अर्थ आहे. साधा सेल्युलोजचा कागद आणि काचेच्या धाग्यांचे मिश्र माध्यम यांत फरक पडतो तो इथे : दुसऱ्यात धागे बारीक असल्याने तो अधिक कण अडवतो आणि वाट मोकळीही ठेवतो.

फिल्टरच्या पोटात आणखी दोन भाग असतात. इंजिन बंद झाल्यावर आतले ऑइल मागे ओघळू न देणारी रबरी चकती हा एक. स्वस्त फिल्टरात ती नायट्राइल रबराची असते आणि उष्णतेने कडक होते, चांगल्यात सिलिकॉनची असते. दुसरा भाग म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. कागद तुंबला किंवा ऑइल त्यातून जाईना इतके दाट असले, तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जाऊ देतो; बऱ्याच फिल्टरांत दाबाचा फरक १ बारच्या आसपास गेला की हे घडते. उन्हाच्या भीतीने घातलेले जाड ऑइल थंडीच्या पहाटे हा व्हॉल्व्ह अधिक वेळा आणि अधिक काळ उघडायला लावते. म्हणजे झीज टाळण्यासाठी घेतलेल्या ऑइलनेच फिल्टरला बाजूला सारले, असा उफराटा प्रकार होतो. बाहेरून मापाला बसणाऱ्या दोन फिल्टरांत या व्हॉल्व्हचा दाब निराळा असू शकतो, म्हणून केवळ आटे जुळले यावर समाधान मानू नये आणि पुस्तिकेतला किंवा त्याच क्रमांकाशी जुळणारा फिल्टर घ्यावा. नकली फिल्टरांत हा व्हॉल्व्ह निकृष्ट असतो किंवा नसतोच, त्यामुळे खरेदी ओळखीच्या दुकानातून पावती घेऊन करावी, आणि ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी कापून टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

सिंथेटिक घातले म्हणून ऑइल बदलण्याची मुदत दुप्पट होते, हाही समज सोडलेला बरा. रोज दोन-तीन किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीचे ऑइल पुरेसे तापतच नाही. त्यात मिसळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून न जाता साचत राहते, आणि वर्षाकाठी गाडी जेमतेम ४,००० किलोमीटर चालली तरी ऑइल जुने होते. किलोमीटर आणि महिने यांतले जे आधी भरेल ते धरायचे. ऑइल लवकर काळे पडले म्हणून घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण काजळी तरंगती ठेवणारी द्रव्ये आपले काम करत आहेत एवढेच त्यातून कळते. फिल्टर बसवताना त्याच्या रबरी कडेला नवे ऑइल बोटाने लावतात, कडा टेकली की साधारण पाऊण फेरा हातानेच आवळतात आणि पाना लावत नाहीत. मग इंजिन मिनिटभर चालवून बंद करून डिपस्टिक पुन्हा पाहावी लागते, कारण रिकामा फिल्टर भरला की चेंबरमधली पातळी खाली येते.

काढलेले ऑइल आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, नाहीतर स्लॅबच्या सेंट्रिंगला लावायला नेतात. त्यात ज्वलनातून आलेली कर्करोगकारक संयुगे असतात, म्हणून ते उघड्या हाताने हाताळू नये आणि गटारात ओतू नये. ज्या गॅरेजाकडून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेसाठी जाते, तिथेच ते डब्यात भरून द्यावे.