क्वीन : सुरुवातीची वर्षं (१९७०-१९७५)

क्वीन हा लंडनमध्ये १९७० साली उभा राहिलेला ब्रिटिश रॉक बँड. त्याआधी गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांचा स्माईल नावाचा बँड होता, त्यांचा गायक टिम स्टाफेल सोडून गेला आणि त्याच्या जागी आला त्याचाच आर्ट कॉलेजातला मित्र फारोख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. झांझिबारच्या पारशी घरातला हा मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये होता, पियानो तिथेच शिकला आणि शाळेतल्या पोरांबरोबर द हेक्टिक्स नावाचा बँडही काढलेला. क्वीन हे नावही त्याचंच आणि सिंह, खेकडा, पऱ्यांचं बोधचिन्हही (चौघांच्या राशी त्यात आहेत). बेसवाले काही टिकेनात, शेवटी १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौकडी जमली.

यांचा आवाज वेगळा वाटतो त्यात ब्रायनच्या गिटारचा मोठा वाटा आहे. ती त्याने आणि वडिलांनी १९६३ पासून घरीच बनवायला घेतली, दांडा जुन्या फायरप्लेसच्या महोगनीचा, ट्रेमोलोच्या (तारा ढिल्या-ताठ करून सूर हलवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या, आणि वाजवायला पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं! एकावर एक गिटारचे थर असे चढवलेले की लोकांना सिंथेसायझर (आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तयार करणारं वाद्य) वाटेल, म्हणून सुरुवातीच्या अल्बमांवर सिंथेसायझर वापरलेला नाही असं चक्क छापलेलं असायचं.

पहिला अल्बम ट्रायडंट स्टुडिओत, पण पैसे देणारी गिऱ्हाइकं गेली की उरलेल्या वेळात, बऱ्याचदा रात्री-अपरात्री. तो जुलै १९७३ मध्ये आला आणि फारसा चालला नाही. मग मॉट द हूपल या बँडच्या आधी वाजवत दौरे केले, फेब्रुवारी १९७४ मध्ये बीबीसीच्या टॉप ऑफ द पॉप्स या टीव्ही कार्यक्रमात झळकले आणि ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे गाणं ब्रिटनच्या सिंगल्सच्या (सुट्या गाण्यांच्या रेकॉर्डच्या) यादीत दहाव्या नंबरपर्यंत गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रायनला कावीळ झाली आणि दौरा अर्धवट सोडावा लागला, तरी वर्षअखेरीस ‘किलर क्वीन’ने ब्रिटनमध्ये दुसरा नंबर गाठलाच. १९७५ मध्ये जपानला उतरले तर विमानतळावरच चाहत्यांची झुंबड.

आणि त्याच वर्षी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं, रेडिओवर कोण लावणार म्हणून सगळे साशंक, पण रेडिओ डीजे केनी एव्हरेटने दोन दिवसांत ते तब्बल १४ वेळा वाजवलं. सिंगल निघाल्यावर ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर होतं.