बेस गिटार किनाऱ्यावर: जपणूक, खरेदी आणि विक्री

(रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पावसाळ्यात दुकानात येणारी तक्रार ठरलेली असते: दमट हवेने तारा गंजल्या. दमट हवा एकटी एवढं नुकसान करत नाही. खरं काम मीठ करतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. त्यामुळे समुद्राच्या वाऱ्याने आलेला खार आणि बोटांचा घाम तारांवर, सॅडलच्या (ब्रिजवरचे, ज्यांवर तारा टेकतात ते तुकडे) बारीक स्क्रूंवर, पिकअपच्या (तारांखालचा, आवाज पकडणारा भाग) चुंबकांवर बसला की तिथे खाऱ्या पाण्याचा पातळ थर चार महिने वाळतच नाही.

म्हणून नुसत्या कोरड्या फडक्याने पुसून भागत नाही. मीठ फक्त पसरतं. जुन्या बनियनचं सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, इतकं की दाबल्यावर थेंब येऊ नये. त्याने तारा वरून आणि खालून, मग ब्रिज (बॉडीवर तारा अडकवतात तो भाग) आणि तारा सुरात लावायच्या चाव्या पुसा, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने. वाजवून झाल्यावर दोन मिनिटांचं काम आहे. ब्रिजच्या स्क्रूंना वर्षातून दोनदा शिवणयंत्राचं तेल लावा, तेही टाचणीच्या टोकाने एकेक थेंब. तेल लाकडात उतरता कामा नये.

फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे बेसच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) हिरवट पडले तर घाबरू नका. फ्रेटच्या 'निकेल सिल्व्हर'मध्ये चांदी नसते, तांबं बरंच असतं, आणि तो हिरवा थर तांब्याचा. फिंगरबोर्डवर (फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीवर) मास्किंग टेप लावून 0000 नंबरच्या स्टील वूलने तो निघतो. त्याआधी पिकअपही टेपने पूर्ण झाका. वूलची लोखंडी कूस चुंबकाला चिकटली की काढता काढता नाकी नऊ येतात.

नेक हलते, मोजून बघा

45-105 च्या (इंचाच्या हजाराव्या भागात तारांची जाडी) चार तारा सुरात असताना नेकवर मिळून साधारण 75 ते 80 किलोचा ताण असतो. त्याला ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) उलट बाजूने तोलून धरतो. लाकडाने ओल घेतली की हा तोल बदलतो. कुठल्या बाजूला, ते नेकच्या आणि फिंगरबोर्डच्या लाकडावर अवलंबून. एकाच घरातले दोन बेस एकाच पावसाळ्यात उलटसुलट वाकू शकतात. म्हणून "पावसाळ्यात रॉड पाव फेरा आवळायचा" असा ठोकताळा कोणी सांगितला तर ऐकू नका.

मोजायची पद्धत अशी. बेस सुरात लावून वाजवताना धरतो तसा धरा, आडवा ठेवू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेचं अंतर फीलर गेजने बघा. (हे गेज म्हणजे दुचाकीचे टॅपेट लावणाऱ्या गॅरेजात असतं तेच.) फेंडर या अमेरिकी कंपनीच्या घडणीच्या, 9.5 ते 12 इंच रेडियसच्या (फिंगरबोर्डची गोलाई; आकडा मोठा तितका तो सपाट) बेसला हे अंतर सुमारे 0.30 मिमी हवं, 7.25 इंच रेडियस असेल तर 0.35. मग कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारांची उंची बघा: 9.5 इंच किंवा त्याहून सपाट फिंगरबोर्डला ई बाजूला 2.4 मिमी, जी बाजूला 2.0 मिमी. ही सुरुवातीची मापं आहेत. जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त उंची लागेल.

आठव्या फ्रेटवरचं अंतर जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी अष्टमांश फेरा, फार तर पाव; मग पुन्हा सुरात लावून मोजायचं, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एकदा, कारण लाकूड सावकाश बसतं. किल्ली बरोबर मापाचीच हवी. रॉडच्या टोकाच्या इंचातल्या नटात जवळपासच्या मापाची मिलिमीटरची किल्ली घातली की ती आधी बसल्यासारखी वाटते आणि मग नटाचे कोपरे खाते. खाऱ्या हवेत हा नट गंजून अडकलेलाही असतो. हाताला अडलं की थांबा आणि बेस आमच्याकडे आणा. नट दुरुस्त होतो. तुटलेल्या रॉडसाठी फिंगरबोर्ड काढावा लागतो.

वर्षातून दोनदा मोजणं पुरे: आगोट लागून दोन-तीन आठवडे झाले की एकदा, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की एकदा. पहिल्याच सरीला किल्ली हातात घेऊ नका.

कुठे ठेवायचा

चिऱ्याची भिंत पावसात ओल ओढते, आणि पश्चिमेची सगळ्यात जास्त. त्या भिंतीवर बेस टांगू नका, तिला टेकून केसही (बेसची पेटी) ठेवू नका. आतली भिंत किंवा लोखंडी कपाट बरं. केस जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा फळीवर ठेवा. वाळवीची भीती आहेच, शिवाय केसच्या तळाला आलेली बुरशी बाहेरून दिसत नाही. चिपळूण किंवा खाडीकाठच्या ग्राहकांनी पावसाळ्यात केस माळ्यावरच न्यावी. 22 जुलै 2021 च्या पुराचं पाणी कुणी विसरलेलं नाही.

आर्द्रता 45 ते 55 टक्के राहिली तर उत्तम, 60 पर्यंत चालेल. ती कळायला केसमध्ये छोटा हायग्रोमीटर ठेवा, पण स्वस्तातल्या मीटरवर तपासल्याशिवाय विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओलसर करा, मीटरसकट झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने 75 दाखवायला हवेत. 80 दाखवले तर पुढे प्रत्येक वेळी 5 वजा करायचे. तारा खाणारं मीठ इथे उपयोगी पडतं.

बंद केसमध्ये अर्धा किलो सिलिका जेल सुती पिशव्यांत भरून ठेवा. जेल नारंगी रंगाचं घ्या. ओल भरली की हिरवं होतं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्टचा क्षार असतो. हिरवं झालेलं जेल पिशवीतून काढून ताटात पसरा आणि ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा नारंगी होतं. केस रोज उघडत असाल तर सिलिका आठ दिवसही टिकणार नाही. तेव्हा कपाटात तळाशी 15 वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लावणं जास्त कामाचं. एलईडीचा झीरो बल्ब फक्त उजेड देतो, उष्णता नाही. बल्ब आणि बेस यांच्यात दोन फुटांचं अंतर हवंच, आणि बल्बजवळ कापड नको.

केसमध्ये डांबरगोळ्या ठेवू नका. काही प्लास्टिकं त्यांच्या वाफेने मऊ पडतात. आणखी एक: जुन्या किंवा जुन्या धाटणीच्या बेसवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर रबरी स्टँडशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि टेकलेल्या जागी लॅकर मऊ होऊन डाग कायमचा राहतो. स्टँडला सुती कापड गुंडाळा. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर फिनिशला हा त्रास नाही.

एसी हॉलमधून तारकर्लीच्या वाळूवर बेस नेला तर थंड धातूवर लगेच दव धरतं. केस न उघडता अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. आणि उन्हात उभ्या गाडीत बेस कधीच नको.

तारा आणि वायरिंग

किनाऱ्यावर निकेल चढवलेल्या तारांपेक्षा स्टेनलेस स्टीलच्या किंवा कोटिंगवाल्या तारा जास्त टिकतात. स्टेनलेसने फ्रेट थोडे लवकर झिजतात, हा त्यातला तोटा. फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा आवडत असतील तर प्रश्नच मिटला, त्या वर्षानुवर्षं चालतात. तारा उकळून ताज्या करायची जुनी युक्ती इथे अंगाशी येते: गुंडाळीच्या आत पाणी राहतं आणि गाभा आतून गंजतो. तार कापताना चावीच्या पुढे चार-पाच इंच ठेवा, आधी काटकोनात वाकवा आणि मगच वाकाच्या पुढे कापा. सरळ कापली की बाहेरची गुंडाळी गाभ्यावरून सुटते आणि नवी तार पहिल्याच दिवशी मेल्यासारखी वाजते.

ॲक्टिव्ह (बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेल्या) बेसमध्ये जॅकमध्ये केबल घातली की बॅटरी चालू होते, वाजवा किंवा न वाजवा. वाजवून झाल्यावर केबल काढा. महिनाभर बेस पडून राहणार असेल तर 9 व्होल्टची बॅटरीच काढून ठेवा. फुटलेल्या बॅटरीचा क्षार प्रीॲम्पची पट्टी खातो. पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणाखालचा भाग) खरखरत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पॉट वीस-तीस वेळा फिरवा. डब्ल्यूडी-40 बिजागऱ्यांसाठी ठेवा.

मंडपात, जनरेटरवर किंवा जुन्या घरात वाजवताना आधी अर्थिंग तपासा. बेसच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर ॲम्प असला आणि तोंड माइकला लागलं तर झटका थेट छातीतून जातो. ॲम्पची तिसरी पिन कापून काम भागवलेलं दिसलं तर तिथे वाजवू नका. 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा ठेवा.

बेस पाण्यात गेलाच तर ॲम्पला लावून बघायचा मोह टाळा. बॅटरी काढा, तारा सैल करा, खारं किंवा गढूळ पाणी असेल तर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मागची झाकणं उघडा आणि सावलीत पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. उन्हात ठेवलात तर लाकूड फुटतं, लॅकर उडतं.

घेताना काय बघायचं

मोजायची टेप घेऊन जा. 34 इंची स्केलच्या (वाजणाऱ्या तारेची लांबी) बेसवर वरच्या नटपासून (चाव्यांच्या बाजूची, तारा टेकतात ती पट्टी; ट्रस रॉडचा नट नव्हे) बाराव्या फ्रेटपर्यंत बरोबर 17 इंच भरायला हवेत. पुढे बाराव्या फ्रेटपासून जी तारेच्या सॅडलपर्यंत तेवढेच किंवा किंचित जास्त. इथे फरक पडला तर नेक किंवा ब्रिज बदललेला आहे.

बेसच्या सिरियल नंबरावर एकट्यावर भिस्त नको. फेंडरचा नंबर 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1976 पर्यंत नेकच्या जोडावरच्या प्लेटवर असे, आणि प्लेट चार स्क्रू काढून कुठल्याही बेसवर बसते. जुना म्हणून विकत असतील तर कंट्रोल प्लेट उघडायला सांगा आणि पॉटवरचा आकडा वाचा. 1376612 म्हणजे 137 हा सीटीएस कंपनीचा संकेतांक, 66 म्हणजे 1966, आणि 12 म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. 304 ने सुरू झाला तर स्टॅकपोल कंपनीचा. पॉट बेसपेक्षा थोडा आधीचा असतो. बेसच्या सांगितलेल्या सालापेक्षा नंतरचा निघाला तर एक तर पॉट बदललाय किंवा साल खोटं आहे. नेकच्या बुडाचा तारखेचा शिक्का, पॉट आणि प्लेट एकमेकांशी जुळले तरच किमतीचं बोलणं.

पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसला केबल लावून, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. फेंडरच्या प्रिसिजन मॉडेलचा पिकअप 10 ते 11 किलोओहमच्या आसपास, जॅझ मॉडेलचा एकेक पिकअप (दुसऱ्याचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून) 7 ते 8 च्या आसपास दाखवतो. आकडा शेकडो किलोओहममध्ये गेला तर पिकअपची तार आत कुठेतरी तुटली आहे. किनाऱ्यावरच्या बेसमध्ये हे बऱ्याचदा आढळतं, कारण कॉइलची तार केसाहून बारीक असते आणि मीठ तिथेही पोचतं.

जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विरत असेल तर तो फेंडर पद्धतीच्या बोल्ट-ऑन (स्क्रूंनी बसवलेल्या) नेकचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. त्यावर भाव पाडून मागू नका. ट्रस रॉड मात्र थोडा फिरवून बघाच. तो आधीच टोकाला आवळलेला असेल तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.

विकताना

चांगल्या बेसची किंमत मूळ भागांत असते. पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक 'कोकणातला बेस' म्हटलं की आधी ब्रिज आणि चाव्या बघतो. गंजलेला ब्रिज बदललात तर जुना फेकू नका. त्याच्या स्क्रूंसकट झिपच्या पिशवीत, वर तारीख लिहून, केसमध्ये ठेवा. मूळ पिकअप, पॉट, पिकगार्ड, नट, बिल, टॅग, सगळ्यांचं तेच. आणि रंग पुन्हा मारू नका, गॅरेजात तर नाहीच. जुन्या बेसला नवा रंग दिला की संग्राहकांच्या बाजारात किंमत निम्म्यापर्यंत खाली येते. टवके उडालेला मूळ रंग त्याहून केव्हाही महाग.

परदेशात विकायचा असेल तर फिंगरबोर्डचं लाकूड कळलं पाहिजे. शिसव आणि रोझवुड ज्या डाल्बर्जिया प्रजातीत येतात, तिच्यातली सगळी झाडं 2 जानेवारी 2017 पासून साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत, दुसऱ्या परिशिष्टात आली. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवुडला मात्र ही सूट नाही. ते 1992 पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अमेरिकी बेसवर ते सापडतं. असा बेस परवान्याशिवाय सीमेबाहेर पाठवलात तर जप्त होतो.

पाठवताना तारा एक-दोन स्वर उतरवा, पूर्ण सोडू नका. केसमध्ये हेडस्टॉकच्या (नेकचं चाव्या असलेलं टोक) खाली आणि दोन्ही बाजूंना कापड भरा, टोक मात्र कशालाही टेकू नये. खोक्यावर आदळलेल्या केसमध्ये आधी तिथेच तडा जातो. केस खोक्यात, खोक्याभोवती सगळीकडून दोन इंच कागदाचा भराव. एसटीच्या डिकीत किंवा टपावर बेस देऊ नका. कोकण रेल्वेने नेत असाल तर स्वतःजवळ, वरच्या बर्थवर.

आमच्याकडे विक्रीला ठेवल्यास विक्रीच्या किमतीच्या 10 टक्के कमिशन घेतो. सेटअप आणि फोटो त्यातच. लगेच रोख हवी असेल तर आम्ही विकतही घेतो, पण तो भाव अर्थातच कमी असतो, कारण गिऱ्हाईक मिळेपर्यंतची वाट आम्हाला बघावी लागते. येताना बेस, केस, काढलेल्या भागांच्या पिशव्या आणि बिल आणा. स्वच्छ करून, पॉलिश मारून आणू नका. गंज कुठे आणि किती आहे ते आम्हाला आहे तसंच बघायचं असतं.