विधी स्वयंसेवक व्हायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

वस्तीत रेशनकार्ड, पोटगी, निराधार पेन्शन अशा कामांसाठी धावणाऱ्यांना कायद्याचं रीतसर प्रशिक्षण मिळावं म्हणून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 मध्ये विधी स्वयंसेवक योजना आणली. बोलताना सगळे ‘पीएलव्ही’ (पॅरा लीगल व्हॉलंटियर) म्हणतात. पुण्यात हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहतं. त्याचं कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे आणि तालुक्यांसाठी तालुका विधी सेवा समित्या आहेत. आमच्या भागातल्या बायकांचे अर्ज मी भरून देते. शिक्षण कमी पडलं म्हणून अडलेली बाई मला क्वचितच भेटली. अडतं ते नावावर, दाखल्यावर आणि तारखेवर.

पात्रता सोपी आहे. साधारण दहावी पास हवं. अंगणवाडी सेविका, शिक्षक, निवृत्त सरकारी कर्मचारी, बचत गटाच्या सदस्या, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी हे सगळे चालतात. दीर्घ शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तणुकीचे सुशिक्षित बंदीसुद्धा योजनेत बसतात. वकील मात्र चालत नाही, त्यामुळे कायद्याच्या विद्यार्थ्याची मुदत वकिलीची सनद मिळेपर्यंतच. राजकीय पक्षाचा सक्रिय सदस्यही चालत नाही. आपल्याकडे मंडळाचा कार्यकर्ता आणि पक्षाचा कार्यकर्ता यांच्यात एका फ्लेक्सचं अंतर असतं, हे खरं. मंडळात असायला हरकत नाही, पण पक्षाचं पद असेल तर लपवू नका. नंतर कळलं तरी काढून टाकतात.

आता नावाचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. अर्ज आधारवरच्या नावाने भरा, ‘पूर्वीचं नाव’ स्पष्ट लिहा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा. लग्नाची नोंदणी केलीच नसेल तर ती उशिराही करता येते. खरी पंचाईत होते ती नवऱ्याने टाकलेल्या बाईची. तिच्याकडे प्रमाणपत्र नसतं आणि नोंदणीसाठी नवरा येऊन उभा राहणार नाही. आणि दुसऱ्या बाईचा पोटगीचा अर्ज सगळ्यात चांगला समजतो तो नेमका तिलाच! तिने राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, नावबदल छापून घ्यावा. हे काम ऑनलाइन होतं, पण वेळ खातं. प्राधिकरणाची अर्ज मागवणारी जाहिरात येण्याची वाट पाहत बसू नका, आजच सुरू करा.

दुसरा घोळ चारित्र्याच्या दाखल्याचा. काही जाहिरातींत प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला मागतात, काहींत पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. दोन्ही एक नव्हेत. मुख्याध्यापकाच्या सहीचं पत्र पोलीस दाखला म्हणून जोडलेलं मी पाहिलंय. पोलीस दाखला ऑनलाइन मागावा लागतो आणि तिथे आपलं पोलीस ठाणं नीट निवडावं लागतं. पुणे जिल्ह्यात पुणे शहर आयुक्तालय, 2018 पासूनचं पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण अशी तीन पोलीस दलं आहेत. चाकणच्या ताईंचा तालुका खेड, न्यायालय राजगुरुनगरला, पोलीस मात्र पिंपरी-चिंचवडचे. म्हणजे विधी सेवेचा अर्ज एका दिशेला आणि दाखल्याचा दुसऱ्या. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार जवळ ठेवा. एका कार्यालयात आमच्या एका कार्यकर्तीला ‘आधारवर जुना पत्ता आहे’ एवढंच सांगून तीनदा परत पाठवलं. काय आणायचं, ते तिसऱ्या खेपेला कळलं.

बाकी कागद किरकोळ: दहावीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो. जाहिरातीत वेगळं काही लिहिलं नसेल तर प्रतींवर स्वतःच सही करा. न्यायालयाबाहेर प्रत्येक झेरॉक्सवर शिक्का मारून घेण्यात पैसे घालवू नका.

तारीख वाचताना घाई नको. ‘अर्ज पोहोचण्याची अंतिम तारीख’ म्हणजे कागद कार्यालयात पडण्याची तारीख, पोस्टात टाकण्याची नव्हे. ती दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारच्या आगेमागे आली, तर दोन दिवस आधीच जा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तारखेसह शिक्का मारून मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, मागचे लोक कितीही कुरकुरले तरी.

एक गोष्ट मात्र कान उघडे ठेवून ऐका. ही नोकरी नाही. पगार नाही, पेन्शन नाही. काम नेमून दिलं तेवढ्या दिवसांचं मानधन मिळतं. चार घरची धुणीभांडी सोडून यात उतरलेली एक मुलगी मला माहीत आहे. पुढचे महिने तिला फार जड गेले. आणि ज्यांचं काम करता त्यांच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

निवड समितीपुढे मुलाखत होते. पदवी नाही म्हणून घाबरू नका. वस्तीतलं एखादं काम तुम्ही कसं तडीस नेलं ते साध्या भाषेत सांगा. जाण्याआधी 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 वाचा. मोफत वकील मिळायला महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, अपंगांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. ‘बाईच्या नवऱ्याचा पगार किती’ असं वर्षानुवर्षं विचारत आलेल्या अनुभवी कार्यकर्त्याही इथेच चुकतात. मदतीचा 15100 हा क्रमांकही पाठ असू द्या.

निवडीनंतर प्रशिक्षण होतं: राज्यघटना, कौटुंबिक हिंसाचार कायदा, कामगारांचे हक्क, लोकअदालत, तक्रारअर्ज लिहिणं. वह्या भरतात, पण हात बसतो तो कामावर पाठवल्यावर, पोलीस ठाण्यात किंवा लोकअदालतीच्या टेबलापाशी बसूनच. न्यायालयात उभं राहून बाजू मांडणं तुमचं काम नाही. घाबरलेल्या माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन सोडणं, एवढंच.