गोणीतलं डिझेल

परवा गावी गेलो तेव्हा काका युरियाच्या थप्पीवर बसून डिझेलच्या नावानं बोटं मोडत होते. गव्हाच्या एकरभर रानात रोटाव्हेटर मारायला सहा-सात लिटर जळालं म्हणे. "बैल होते तोवर ताकद फुकट मिळायची." फुकट कसली? बैल कडबा खायचे आणि तो कडबा रानातच पिकवावा लागायचा. पण मला गंमत वाटली ती त्यांच्या बैठकीची. ज्या गोण्यांवर ते टेकले होते, त्यातल्या एकेकीत रोटाव्हेटरच्या चौपट डिझेल होतं.

आपल्याकडे एक टन युरिया करायला साधारण २४ अब्ज जूल ऊर्जा खर्ची पडते, बहुतेक सगळी नैसर्गिक वायूतून. ४५ किलोच्या गोणीला एक अब्जाहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे २८ लिटर डिझेलइतकी. आडसाली उसाची शिफारस एकरी १६० किलो नत्राची, म्हणजे नायट्रोजनची आहे. सगळं युरियातून द्यायचं तर जवळजवळ आठ गोण्या, दोनशेच्या वर लिटर. ट्रॅक्टरचा धूर बांधावरून दिसतो. अलिबागजवळ थळच्या युरिया कारखान्यात वायू संपतो तो दिसत नाही.

अमेरिकेत शास्त्रज्ञ डेव्हिड पिमेंटेल यांनी १९७३ साली मक्याचा असा हिशेब मांडला होता. १९४५ मध्ये शेतीत घातलेल्या एका कॅलरीमागे ३.७ कॅलरी मका मिळायचा, १९७० मध्ये २.८. उत्पादन दुपटीहून वाढलं, पण घातलेली ऊर्जा तिपटीहून. त्यात नत्रखताचा वाटा मोठा.

एवढी ऊर्जा जाते कुठे? युरिया होतो अमोनियापासून आणि अमोनिया हवेतल्या नायट्रोजनपासून. नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधानं घट्ट जखडलेले असतात, तो बंध तोडण्यात, असं उत्तर लिहून मीही शाळेत मार्क मिळवलेत. ते अर्धंच खरं. २८ ग्रॅम (एक मोल) नायट्रोजनचे बंध तोडायला ९४५ किलोजूल लागतात हे बरोबर, पण तेवढाच नायट्रोजन हायड्रोजनशी जुळून अमोनिया झाला की सगळी वजाबाकी करून उलट ९२ किलोजूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे जमाखर्चात ही क्रिया फायद्यातच आहे!

अडचण वेगाची आहे. थंडीत ती सुरूच होत नाही आणि तापवलं तर तयार झालेला अमोनिया पुन्हा फुटतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये यातून वाट काढली: दाब प्रचंड वाढवायचा, धातूचा उत्प्रेरक वापरायचा आणि एका फेरीत थोडाच अमोनिया झाला तरी तो काढून घेऊन उरलेला वायू पुन्हा फिरवायचा. कार्ल बॉश यांनी ते कारखान्यात उतरवलं; १९१३ साली जर्मनीत ओपाऊला उत्पादन सुरू झालं. आजही लोखंडाच्या उत्प्रेरकावर ४००-५०० अंश तापमान आणि दीड-दोनशे वातावरणांचा दाब असा तोच मामला आहे. तिहेरी बंध त्या लोखंडाच्या पृष्ठभागावर सैल होतो. तो नेमका कसा, हे उलगडणाऱ्या गेरहार्ट एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं.

दाबाला ऊर्जा लागतेच, पण खरा खादाड आहे हायड्रोजन. तो मोकळा मिळत नाही. मिथेनवर आठशेच्या आसपास अंशांना वाफ सोडून तो काढतात. वायूचा मोठा हिस्सा इथे इंधन नसून कच्चा माल असतो. सोबत निघालेला कार्बन डायऑक्साइड अमोनियाशी जोडला की युरिया. रानात तो युरिया फुटला की तोच कार्बन डायऑक्साइड परत हवेत.

२०२१ मध्ये अतिसूक्ष्म कणांच्या 'नॅनो' युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आली, एक गोणी वाचवणारी म्हणून. तेव्हा तिच्यात नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत २०.७ किलो. हजारपटीचा हा फरक कण बारीक केल्यानं भरून निघत नाही. त्याला सातवीचं गणित पुरतं.

एकरावरच्या हवेत तीस हजार टनांहून जास्त नायट्रोजन आहे. तो साध्या तापमानाला पकडणारे जिवाणू हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठींत राहतात. तेही फुकट काम करत नाहीत: नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, किमान १६ रेणू जाळतात आणि त्यासाठीची साखर झाड पुरवतं. म्हणून जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड हा खर्च बंद करतं.

काकांना हे दाखवायला मी त्यांच्या हरभऱ्याचं एक रोप उपटलं. गाठ नखानं फोडली. आत गुलाबी, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भाऊबंदामुळे. पण अख्ख्या मुळावर गाठी मोजून चार.

"काका, याला युरिया टाकला होता का?"

"जास्त नाही रे. एकच गोणी."