काकांचा आवाज पंधरा मीटर मागे

चवथीच्या आदल्या आठवड्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरी आरत्या रेकॉर्ड करायला घेतल्या. घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये दुपारीच टिपून झाली. रात्री काका हेडफोन लावून त्यावर गायला बसले आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. "रे, माझाच आवाज मला उशिरा येतो. ताल धरू कसा?"

दोष काकांचा नव्हता, समोरच्या डबीचाही नव्हता. ही डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. मायक्रोफोनमधून येणारा क्षीण संकेत ती वाढवते, सेकंदाला ४८,००० वेळा मोजते आणि ते आकडे यूएसबीतून लॅपटॉपला देते. आमच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. तिच्यावर ही डबी चालेल का, अशी धास्ती बऱ्याच जणांना असते. पण बहुतेक इंटरफेस यूएसबी ऑडिओचे ठरलेले नियम पाळतात आणि त्यांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो. खोक्यावर 'क्लास कम्प्लायंट' असे लिहिलेले असले की वायर जोडायची, साउंड सेटिंगमध्ये नाव निवडायचे, झाले. काही मॉडेलांच्या आतल्या मिक्सरसाठी कंपनीचे ॲप लागते आणि ते लिनक्ससाठी मिळत नाही, एवढे विकत घेण्याआधी पाहून ठेवावे.

मग उशीर कुठला? तो बफरचा. प्रोसेसर प्रत्येक आकडा सुटा घेत नाही, गठ्ठ्याने घेतो. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत येतो, त्याचे उदाहरण घ्या. घरात चार दिवसांचे पाव भरून ठेवले तर पोदेर एखाद्या दिवशी चुकला तरी अडत नाही, पण खायचा पाव नेहमी शिळा. रोजच्यापुरतेच घेतले तर ताजे मिळतात, पण तो चुकला की चहा कोरडा. मोठा बफर म्हणजे शिळा आवाज. लहान बफर म्हणजे ताजा आवाज, पण प्रोसेसरला क्षणभर उशीर झाला की रेकॉर्डिंगमध्ये 'टक्'. या टक्-ला लिनक्सवाले 'एक्सरन' म्हणतात.

हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये आवाजाची वाहतूक पाइपवायर सांभाळते. तिचा नेहमीचा गठ्ठा १,०२४ आकड्यांचा, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा. जाताना एक, येताना एक, असे ४३ झाले. चवथीच्या दिवसांतल्या उबदार हवेत ध्वनी मिलिसेकंदाला साधारण ३५ सेंटिमीटर जातो. म्हणजे काकांना स्वतःचा आवाज पंधरा मीटरांवरून ऐकू येत होता, जणू ते राजांगणाच्या पलीकडे उभे राहून गात होते. गठ्ठा १२८ वर आणला तेव्हा अंतर दोन मीटरांच्या आत आले. (इंटरफेसचा स्वतःचा थोडा उशीर असतोच, तो वेगळा.) १२८ वर टक्-टक् सुरू झाली तर २५६ करून पाहावे, ब्राउझरच्या वीस खिडक्या आधी बंद केलेल्या बऱ्या. आवाजाच्या कामाला प्रोसेसरने अग्रक्रम द्यावा, यासाठीची 'रिअल-टाइम' सोय पूर्वी वेगळी जोडावी लागे. २०२४ मध्ये ती ६.१२ या आवृत्तीपासून मूळ कर्नेलमध्ये आली. आरतीपुरते मात्र साध्या कर्नेलवर भागते.

याहून सोपा उपायही आहे, आणि मला तो उशिरा सुचला. बऱ्याच डब्यांवर 'डायरेक्ट मॉनिटर'चे बटण असते. त्यातून गायकाचा आवाज लॅपटॉपकडे न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. मग बफर कितीही असो, गाणाऱ्याला त्याचा उपद्रव नाही. रेकॉर्ड झालेला ट्रॅक मात्र मागे सरकतो. तो जागेवर आणायला आर्डोर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये इंटरफेसचे आउटपुट वायरीने त्याच्याच इनपुटला जोडून उशीर एकदा मोजून घ्यावा.

आवाजाची पातळी ठेवताना घुमटाचा विचार आधी करावा. मडक्याच्या एका तोंडावर कातडे, दुसरे अरुंद तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत घुमणारा नाद काढायचा. त्याची पहिली थाप सुईला उडवते. शून्य डेसिबलच्या वर आवाज फाटतो, म्हणून सर्वात जोरदार थाप उणे १२ डेसिबलवर येईल इतकाच गेन, म्हणजे संकेताची वाढ, द्यावा. एका बिटला सुमारे सहा डेसिबल धरले तर इंटरफेसच्या प्रत्येक आकड्याच्या २४ बिटांतले दोनच वाया जातात, आणि सीडीच्या १६ पेक्षा तरीही सहा जास्त उरतात. आम्ही गेन चढवून पहिले दोन टेक फुकट घालवले. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

आणखी एक घरचा अनुभव. हेडफोनमध्ये बारीक 'घूं' येत होती. घरातली वीज ५० हर्ट्झची, तिचीच ती घुरघुर. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ती गेली. राहिली ती विहिरीकडच्या बेडकांची, आणि तिच्यासाठी काका खिडकी लावू देईनात.