तारवट्याच्या नाकावरचा तीळ: बेसल सेल कार्सिनोमाची मागची गोष्ट

माझा मामा तारवटी, म्हणजे खलाशी. सत्तावीस वर्षं बोटीवर, डेकवरचा गंज खरवडणं, रंग मारणं, सगळं उन्हातच. रिटायर होऊन पेडण्याला घरी आला तेव्हा नाकपुडीच्या कडेला मसुरीएवढा काळा ठिपका, आम्ही सगळे तीळच समजलो. दाढी करताना रक्त यायचं, खपली धरायची, बरं झालंसं वाटायचं की परत तेच, ट्यूब लावण्यात दोन वर्षं गेली आणि मग बायोप्सीत निघालं बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या तळाच्या पेशींचा कॅन्सर.

तेव्हापासून मी याचं मिळेल ते वाचतोय. डब्लिनच्या आर्थर जेकब या डोळ्यांच्या डॉक्टरने १८२७ मध्ये पापण्यांवर, चेहऱ्यावर होणारा आणि हळूहळू मांस खात जाणारा एक व्रण लिहून ठेवला, पुढे त्याला रोडंट अल्सर म्हणायला लागले, म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखा. हा कॅन्सर दुसरीकडे सहसा पसरत नाही पण जागच्या जागी कुरतडतो, नाक, कान, पापणी, काहीही. बेसल सेल हे नाव १९०० च्या सुमारास हंगेरीच्या क्रोम्पेखरमुळे रुळलं.

आणि ऊन यात कुठून आलं, तर खलाशांमुळेच! हॅम्बुर्ग बंदराचं शहर, तिथल्या उन्ना नावाच्या त्वचेच्या डॉक्टरने १८९४ मध्ये खलाशांच्या रापलेल्या चामडीवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं. हे वाचलं तेव्हा मी मामाच्या हातांकडे बघत बसलो होतो.

उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी पेशीतला डीएनए बिघडतो, हा बिघाड वर्षानुवर्षं साचत जातो. आपल्या सावळ्या कातडीत मेलानिन जास्त म्हणून आपल्यात हा कमी होतो, पण होतो, आणि झाला की बरेचदा काळपट दिसतो, म्हणून तीळ किंवा चामखीळ समजून सोडून देतात. गोऱ्यांच्यात तो गुलाबी, मोत्यासारखा चमकणारा, बहुतेक फोटो तसलेच, मग आपल्याला ओळखू येणार कसा?

उपचारात मला सगळ्यात भारी वाटली ती मोह्सची गोष्ट. अमेरिकेतला फ्रेडरिक मोह्स, त्याने १९३० च्या दशकात झिंक क्लोराइडची पेस्ट लावून गाठ जागेवरच घट्ट करायची, पातळ थर कापायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, मुळं उरली असतील तिथलाच पुढचा थर काढायचा, असं सुरू केलं. पेस्टने आग आग व्हायची, दिवसच्या दिवस जायचे. १९७० च्या दशकात पेस्ट गेली, आता जागा बधिर करून बहुतेक वेळा एका दिवसात होतं, आणि पहिल्यांदाच झालेली गाठ असेल तर पाच वर्षांनीही ९९ टक्क्यांच्या आसपास लोकांत परत येत नाही. जिथे ऑपरेशन जमतच नाही तिथे २०१२ पासून व्हिस्मोडेगिब नावाची गोळी आहे.

मामाचं साधं ऑपरेशन झालं, कडेची थोडी चांगली चामडी धरून गाठ काढली आणि गालाची चामडी सरकवून शिवली. टाके निघाले त्या आठवड्यात वाड्यावरचे दोन जुने तारवटी बघायला आले, त्यातल्या एकाने जाता जाता मला बाजूला घेतलं आणि कान पुढे करून म्हणाला, हे जरा बघ रे.