हरकतीच्या अर्जातली माती

नागपुरात आमच्या लेआउटमागे नाल्याला लागून एक मोकळा तुकडा आहे. विकास आराखड्यात तो हिरवा रंगवलेला. ऐन आषाढात त्याचं आरक्षण बदलून घरं बांधायचा प्रस्ताव आला, तशी मंदिराच्या सभागृहात बैठक बसली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली असा फेरबदल करायचा तर आधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, मुदत महिन्याभराची. सगळ्यांनी झाडं मोजायला घेतली. तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "काकाजी, झाडं तं ते दुसरीकडं लावून देतील नं? मंग आपण लिहायचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. 2021 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची तरतूद आहे. चाळीस वर्षांचा कडुनिंब गेला की 40 रोपं, हिशेब चुकता. तो कडुनिंब ज्या मातीत उभा होता, तिचं काय झालं हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी हरकत तिथेच आहे.

नागपूरचा पश्चिम भाग बेसॉल्टवर बसलाय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. तो झिजून आपली काळी माती झाली. तिच्यातल्या स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचे थर इतके सैल बांधलेले असतात की पाण्याचे रेणू त्यांच्यामध्ये शिरतात आणि माती फुगते. पाणी उडालं की आक्रसते. म्हणून मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचं पहिलं पाणी त्यांतून थेट खाली उतरतं. पुढे माती फुगते, भेगा मिटतात, आणि हीच जमीन पाणी घ्यायला कुरकुरू लागते.

त्यामुळे "मोकळी जमीन सगळं पाणी पिऊन टाकते" हे आपलं आवडतं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि हरकतीत ते जसंच्या तसं लिहिलं तर समोरचा अभियंता सहज खोडून काढेल. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं छातीभर पाण्यात अडकली. तोवर माती तीन महिने पाणी पीतच होती. ती आणखी किती पिणार?

पण भिजलेली माळजमीन एक गोष्ट तेव्हाही करते: पाण्याला थांबवते. गवताची खोडं, खाचखळगे, गांडुळांची बिळं, कुजलेल्या मुळांच्या नळ्या यांत पाणी अडतं, रेंगाळतं, मग नाल्यात उतरतं. पूर नुसता पावसाच्या आकड्यावर येत नाही. सगळं पाणी एकदम नाल्याशी पोचलं की येतो. एक एकरावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4 लाख लिटर पाणी, दहा हजारी टँकर घेतले तर 40. छप्पर आणि काँक्रीट त्यातलं 80 ते 95 टक्के ताबडतोब वाहून देतात. नाल्याकाठच्या सखल तुकड्यावर तर वरून आलेलं पाणीही पसरतं. तो तुकडा नाल्याचं अंगणच आहे म्हणा ना.

आणि बांधकामात नेमकी हीच माती आधी जाते. काळ्या मातीवर पाया टाकला की ती फुगून-आक्रसून भिंती तडकवते, हे आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असतं. म्हणून ती उपसतात, मुरूम भरतात, रोलर फिरवून दाबतात, जोतं उंच घेतात. त्यानंतरचं पाणी उतार धरून शेजारच्या जुन्या, सखल लेआउटमध्ये येतं. तिथे आम्ही राहतो. भरपाईची रोपं शहराच्या दुसऱ्या टोकाला कितीही जोमाने वाढली, तरी आमच्या गल्लीतलं पाणी ती अडवायची नाहीत.

उन्हाचंही थोडं सांगतो. कूलर आपल्याला समजावून सांगायला नको. वाळ्याची ताटी भिजली की हवा गार होते, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते: लिटरमागे सुमारे 0.68 युनिट, वीजबिलातलंच युनिट. झाड पानांतून हेच करतं. दिवसात 100 लिटर पाणी उडवणारं झाड 68 युनिट उष्णता खातं. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने तेरा तास चालला तर खोलीतून जवळपास तेवढीच उपसतो, वर ती गल्लीत ओततो. फक्त प्रत्येक झाड मे महिन्यात हे करत नाही. सागाची पानं तेव्हा झडलेली असतात. कडुनिंब, करंज, पिंपळ हिरवे असतात. वाळलेलं गवत तर पाणी उडवतच नाही, आणि "हा तं उजाड माळ हाये" असं म्हणायला तेवढं पुरतं. पण तो माळ रात्री उघड्या आभाळाखाली झपाट्याने निवतो. भिंती आणि डांबर दिवसभराचं ऊन रात्री उशिरापर्यंत परत देत बसतात.

शेवटी पोरांना कामाला लावलं. तेलाचा रिकामा डबा, दोन्ही बाजू कापलेला. तो चार बोटं जमिनीत ठोकायचा, पाणी भरायचं, पट्टी उभी करून दर पाच मिनिटांनी पातळी लिहायची. आठवडाभर पाऊस पडून गेलेला, भेगा मिटलेल्या. म्हणजे परीक्षा कठीणच. एक डबा करंजाखाली, एक गवतात, एक कोपऱ्यात जिथे मुरूम टाकून गाड्या उभ्या करतात तिथे. करंजाखाली दोनदा पाणी भरावं लागलं. गवतात एकदा. गाड्यांच्या कोपऱ्यातलं पाणी तसंच उभं राहिलं. पोरं कंटाळून जेवायला गेली, परत आली तेव्हा त्यात दोन मुंग्या पोहत होत्या. तिन्ही तक्ते अर्जाला जोडलेत.